रेझ्युमे लिहायला बसण्याआधी: क्रम चुकला की मेहनत वाया जाते

"जरा माझा रेझ्युमे बघता का?" असं म्हणून कुणी फाइल पाठवली की मी आधी एकच विचारतो: हा कुठल्या जाहिरातीसाठी आहे? दहापैकी आठ-नऊ वेळा उत्तर येतं, "सगळीकडे हाच पाठवतोय." मग पुढचं फारसं बघावं लागत नाही. शुद्धलेखन नीट असतं, रंगसंगती छान असते, अनुभवही चांगला असतो. तरीही फोन येत नाहीत, कारण कामाचा क्रमच उलटा झालेला असतो. आधी टेम्पलेट शोधलं, मग त्यातले रकाने भरले, मग पन्नास ठिकाणी पाठवलं आणि जाहिरात मात्र नीट वाचलीच नाही.

पुढे जो क्रम दिला आहे, त्यात टेम्पलेट चौथ्या टप्प्यावर येतं. त्याआधी ते उघडू नका. डोळ्यांसमोर रिकामे रकाने आले की माणूस ते भरत सुटतो, आणि काय सांगायचं आहे हे ठरवायचं राहून जातं.

## आधी एवढं लक्षात घ्या: रेझ्युमे तीन ठिकाणी वाचला जातो

पहिलं ठिकाण म्हणजे भरतीचं सॉफ्टवेअर. मोठ्या कंपन्यांत आलेले अर्ज वर्कडे, ग्रीनहाउस, टॅलिओ यांसारख्या प्रणालींत साठवले जातात. अशी प्रणाली फाइलमधला मजकूर काढून घेते आणि नाव, हुद्दा, तारखा, शिक्षण असे तुकडे पाडते. भरती करणारी व्यक्ती मग त्यात शब्द टाकून शोधते. दुसरं ठिकाण, त्या व्यक्तीचा स्क्रीन. तिथे तुमचं पान भराभर वर-खाली होतं. द लॅडर्स या नोकरीविषयक संकेतस्थळाने २०१८ मध्ये केलेल्या पाहणीत पहिल्या नजरेला सरासरी ७.४ सेकंद मिळतात असं आढळलं होतं. तिसरं ठिकाण मुलाखतीचं टेबल. तिथे तुमच्या रेझ्युमेतली एकेक ओळ वाचून प्रश्न विचारले जातात.

सॉफ्टवेअरला साधा, सरळ मजकूर लागतो. घाईत वाचणाऱ्याला वरच्या अर्ध्या पानात उत्तर सापडायला हवं. मुलाखत घेणाऱ्याला प्रत्येक ओळीमागे खरी गोष्ट हवी असते. पुढचा प्रत्येक टप्पा या तिघांपैकी कुणासाठी ना कुणासाठी आहे.

## टप्पा १: सगळ्या कामाची एक मोठी नोंद करा

ही फाइल कुणाला पाठवायची नाही. ती फक्त तुमच्यासाठी. पाच पानं झाली, दहा झाली तरी चालेल. प्रत्येक नोकरीसाठी यात लिहा: नेमणूकपत्रावर होता तो हुद्दा जशाच्या तसा, रुजू झाल्याचा आणि सोडल्याचा महिना व वर्ष, टीममध्ये किती जण होते, तुम्ही कुणाला रिपोर्ट करत होता, कोणती साधनं वापरली आणि रोज नेमकं काय केलं.

मग प्रत्येक कामाला चार प्रश्न विचारा. हे मी किती वेळा केलं? किती मोठ्या प्रमाणावर? मी यायच्या आधी कसं चालायचं? मी गेल्यावर काय राहिलं? शेवटचा प्रश्न सगळ्यात उपयोगी आहे. तुम्ही बनवलेली एखादी एक्सेल शीट अजून वापरात असेल, तुम्ही शिकवलेला माणूस आज टीम सांभाळत असेल, तर ते लिहिण्यासारखं काम आहे. बहुतेकांना ते काम वाटतच नाही.

ही नोंद एका बैठकीत होत नाही. पहिल्या दिवशी आठवेल ते लिहा, दोन दिवसांनी परत बसा. जुने मूल्यमापनाचे अभिप्राय, तुमच्या स्वतःच्या डायऱ्या, कॅलेंडर चाळा. कंपनीची गोपनीय कागदपत्रं किंवा ग्राहकांची नावं मात्र यात उतरवू नका.

ज्यांची ही पहिलीच नोकरी आहे, त्यांच्याकडेही लिहायला बरंच असतं. कॉलेजचा प्रकल्प, इंटर्नशिप, सुट्टीत केलेलं काम, एखाद्या कार्यक्रमाचा सांभाळलेला हिशेब. नोंद करायची पद्धत तीच.

सावधान: तारखा आठवणीतून लिहू नका, कागद समोर ठेवून लिहा. निवड झाल्यावर अनेक कंपन्या पूर्वीच्या नोकऱ्यांची पडताळणी करतात. तिथे हुद्दा किंवा महिने जुळले नाहीत, तर प्रामाणिक चूकही लबाडीसारखी दिसते आणि हातातली ऑफर जाऊ शकते.

## टप्पा २: जाहिरात वाचा, पेन घेऊन

जाहिरातीचा मजकूर कॉपी करून वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. पदासाठीची मुदत संपली की जाहिरात संकेतस्थळावरून निघून जाते, आणि मुलाखतीच्या आदल्या रात्री ती शोधत बसायची वेळ येते.

आता खुणा करा. "आवश्यक" म्हणून लिहिलेलं एका रंगात, "असल्यास प्राधान्य" दुसऱ्या रंगात. "उत्साही", "धडाडीचे", "वेगवान वातावरणात काम करणारे" असली वाक्यं सोडून द्या, ती जवळपास प्रत्येक जाहिरातीत असतात. कामाच्या यादीतल्या पहिल्या तीन-चार ओळींवर जास्त वेळ घालवा. या पदावरच्या माणसाचा दिवस बहुधा त्यातच जाणार असतो. एकच गोष्ट दोन-तीन ठिकाणी वेगवेगळ्या शब्दांत आली असेल, तर तिथे त्यांची अडचण आहे असं समजा.

मग पहिल्या टप्प्यातली नोंद शेजारी उघडा आणि प्रत्येक आवश्यक अटीसमोर तुमचा पुरावा लिहा. "मला येतं" हा पुरावा नाही. कुठे केलं, कधी केलं, किती केलं, हे लिहा.

इथे थांबून तपासा: आवश्यक अटींपैकी निम्म्यांहून अधिक समोर जागा रिकामी राहिली का? मग ही जाहिरात सोडा. तोच वेळ जवळच्या दुसऱ्या पदाला द्या. एक-दोन जागा रिकाम्या असतील तर मात्र अर्ज करा. सगळ्या अटी पूर्ण करणारा माणूस त्यांनाही सहसा मिळत नाही.

"रोबो रेझ्युमे फेकून देतो" असं लोक म्हणतात, त्यावरही इथेच बोलतो. आपोआप नकार येतो तो बऱ्याचदा अर्जातल्या प्रश्नांमुळे. या देशात काम करायची परवानगी आहे का, अमुक परवाना आहे का, किमान इतकी वर्षं अनुभव आहे का, रात्रपाळी चालेल का. तिथे घाईत चुकीच्या पर्यायावर टिचकी मारली, तर पुढे उत्तम रेझ्युमे असूनही तो कुणी उघडत नाही. अर्ज भरताना हे प्रश्न दोनदा वाचा.

## टप्पा ३: आता लिहा, अनुभवापासून सुरुवात करून

बहुतेक जण वरून खाली लिहितात: आधी नाव, मग "माझं ध्येय", मग कौशल्यं, आणि दमल्यावर अनुभव. उलट करा. अनुभवाच्या ओळी आधी लिहा, कारण बाकी सगळं त्यातूनच निघतं.

एक ओळ जवळून पाहू. जाहिरातीत ग्राहकांच्या तक्रारी हाताळणारा माणूस हवा आहे. पहिल्या खर्ड्यात साधारण अशी ओळ येते:

*ग्राहक सेवेची संपूर्ण जबाबदारी यशस्वीरीत्या सांभाळली.*

यातून काहीच कळत नाही. फोन घेतले की टीम चालवली? "यशस्वीरीत्या" हे कुणी ठरवलं? दुसऱ्या खर्ड्यात काम दिसायला लागतं:

*फोन आणि ईमेलवरून येणाऱ्या ग्राहकांच्या तक्रारी सोडवल्या.*

बरं आहे, पण या कामावरचा कुठलाही माणूस हेच लिहील. आता नोंदीतल्या चार प्रश्नांची उत्तरं त्यात घाला:

*फोन व ईमेलवरून रोज सुमारे ४० तक्रारी हाताळल्या. पुन्हा पुन्हा येणाऱ्या १२ प्रश्नांची तयार उत्तरं लिहून टीमला दिली, त्यामुळे पहिलं उत्तर जायला लागणारा वेळ दोन दिवसांवरून एका दिवसावर आला.*

आता काम कळलं, त्याचा आवाका कळला आणि हा माणूस स्वतःहून काय करतो तेही कळलं. शिवाय मुलाखत घेणाऱ्याला प्रश्न मिळाला: "ते १२ प्रश्न कसे निवडलेत?" उत्तर तुम्हाला पाठ करावं लागणार नाही, कारण ते काम तुम्ही केलेलं आहे.

आकडा नसेल तर ओढूनताणून आणू नका. "दर महिन्याला", "तीन शाखांसाठी", "टीममध्ये मी एकटाच हे करत होतो" यांतूनही आवाका कळतो. अंदाजाचा आकडा असेल तर "सुमारे" लिहा आणि तो कसा काढला ते ध्यानात ठेवा.

सध्याच्या किंवा शेवटच्या नोकरीला चार ते सहा ओळी द्या, त्याआधीच्यांना दोन-तीन. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या कामाला हुद्दा, कंपनी आणि वर्षं एवढं पुरतं, ते काम या जाहिरातीशी थेट जुळत नसेल तर. आणि प्रत्येक नोकरीत जाहिरातीशी सगळ्यात जास्त जुळणारी ओळ पहिली ठेवा. चौथ्या ओळीपर्यंत घाईतली नजर पोचेलच असं नाही.

ओळीची परीक्षा: या ओळीवर तुम्ही दोन मिनिटं बोलू शकता का? नसेल तर ती काढा.

### शब्द त्यांचे, काम तुमचं

जाहिरातीत "विक्रेता व्यवस्थापन" लिहिलं असेल आणि तुमच्याकडे त्याच कामाला "सप्लायर फॉलोअप" म्हणत असतील, तर रेझ्युमेत त्यांचा शब्द वापरा. शोधणारी व्यक्ती तिच्या ओळखीचाच शब्द टाकून शोधते. एखाद्या गोष्टीचं लघुरूप आणि पूर्ण नाव दोन्ही चालत असतील, तर दोन्ही एकेकदा येऊ द्या. मात्र जे काम केलेलं नाही त्याचा शब्द घुसवू नका. पांढऱ्या अक्षरांत, डोळ्यांना दिसणार नाहीत असे शब्द पेरण्याचा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नका. सॉफ्टवेअर मजकूर काढतं तेव्हा ते शब्द उघडे पडतात, आणि मग तुमच्या बाकीच्या ओळींवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

### कौशल्यं

पाचपैकी चार तारे, ऐंशी टक्क्यांपर्यंत भरलेली पट्टी, हे सगळं काढून टाका. "एक्सेल ८० टक्के" म्हणजे नक्की काय, हे ना सॉफ्टवेअरला कळतं ना माणसाला. "एक्सेल: पिव्हट टेबल, व्हीलुकअप, मासिक अहवाल" असं लिहिलं की कळतं. "मेहनती", "टीम प्लेयर" हे शब्द या यादीत नकोत. ते अनुभवाच्या ओळींतून दिसायला हवेत.

### वरचा परिचय, सगळ्यात शेवटी

अनुभव लिहून झाला की वरच्या तीन ओळी पाच मिनिटांत होतात: तुम्ही कोण, किती वर्षं कुठल्या कामात, आणि या पदाला लागू पडणारी तुमची सर्वांत जमेची गोष्ट. "आव्हानात्मक वातावरणात माझ्या क्षमतांचा विकास करण्याची संधी" हे वाक्य मी इतक्या रेझ्युमेंमध्ये पाहिलं आहे की आता ते दिसल्यावर वाईट वाटतं. तेवढ्या जागेत त्या माणसाचं एखादं खरं काम मावलं असतं.

### खंड पडला असेल तर

आजारपण, मूल, घरच्यांची काळजी, नोकरी जाणं. कारण काहीही असो, एका ओळीत लिहा: "एप्रिल २०२२ ते मे २०२३: कौटुंबिक जबाबदारीसाठी विश्रांती, याच काळात अमुक अभ्यासक्रम पूर्ण." अभ्यासक्रम केला नसेल तर तेवढा भाग सोडा. तारखा गाळून फक्त कौशल्यांप्रमाणे मांडलेला रेझ्युमे खंड लपवण्यासाठी सुचवला जातो, पण वाचणाऱ्याची पहिली शंका तिथेच जाते. सर्वांत अलीकडची नोकरी वर आणि मग मागे मागे, हाच क्रम ठेवा.

### काय नको

जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, ओळखपत्राचे क्रमांक, घराचा पूर्ण पत्ता. ही माहिती निवडीसाठी लागत नाही, आणि फाइल कुणाकुणाच्या हातात जाते ते तुम्हाला कळत नाही. शहर, फोन, ईमेल पुरे. फोटोचं देशानुसार बदलतं: अमेरिका आणि ब्रिटनमध्ये लावत नाहीत, जर्मनीत अजूनही अनेक जण लावतात. जाहिरातीत मागितला नसेल आणि खात्री नसेल तर लावू नका.

### एआयची मदत घेताना

चॅटजीपीटीसारख्या साधनाला "माझा रेझ्युमे लिहून दे" म्हटलं की सफाईदार पण सगळ्यांसारखा मजकूर मिळतो, आणि कधी कधी तुम्ही न दिलेले आकडेही त्यात येतात. ते तुमच्या नावावर जातात. त्यापेक्षा त्याच्याकडून प्रश्न विचारून घ्या. तुमची ओळ द्या, जाहिरात द्या आणि सांगा, "ही ओळ वाचून तुला काय कळलं नाही ते विचार." उत्तरं तुम्ही द्या, ओळ तुम्ही लिहा. फोन नंबर, पत्ता, कंपनीची आतली माहिती तिथे टाकू नका.

## टप्पा ४: आता मांडणी

साधं टेम्पलेट घ्या. एकच कॉलम. तक्ते, मजकुराच्या चौकटी, आलेख, चित्रं नकोत. नाव आणि संपर्क पानाच्या मुख्य भागात लिहा, हेडर किंवा फुटरमध्ये नाही, कारण काही प्रणाली तिथला मजकूर उचलत नाहीत. मथळे ओळखीचे ठेवा: अनुभव, शिक्षण, कौशल्यं. "माझा प्रवास" असं मथळ्यात लिहिलं तर तो अनुभव आहे हे सॉफ्टवेअरला कळेलच असं नाही.

अक्षरं १०.५ ते १२ पॉइंट. तारखांची पद्धत सगळीकडे एकच. एका ठिकाणी "जून २०२१" आणि दुसऱ्या ठिकाणी "०६/२१" नको. अनुभव पाच-सात वर्षांपर्यंत असेल तर एक पान, त्यापुढे दोन. संशोधन आणि अध्यापनासाठी मागतात तो सविस्तर सीव्ही वेगळा, तिथे प्रकाशनांची यादी लागते आणि पानांची मर्यादा नसते. कागदाचा आकार ए४ ठेवा. अमेरिका किंवा कॅनडासाठी लेटर आकार, नाहीतर तिथे छापताना ओळी पुढच्या पानावर सरकतात.

मजकुराची चाचणी: पीडीएफ उघडा, सगळा मजकूर निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. सॉफ्टवेअरच्या हाती साधारण तेच पडतं. ओळखीतल्या एकीच्या दोन कॉलमच्या देखण्या रेझ्युमेवर आम्ही ही चाचणी केली, तेव्हा असं दिसलं: "सहाय्यक एक्सेल व्यवस्थापक मराठी, २०१९ पासून हिंदी". डावीकडची कौशल्यं आणि उजवीकडचा हुद्दा एकमेकांत मिसळले होते. फोन नंबर तर आलाच नव्हता, तो हेडरमध्ये होता. तीन महिने ती हीच फाइल पाठवत होती.

मजकूर निवडताच येत नसेल तर ती फाइल म्हणजे चित्र आहे. स्कॅन केलेला रेझ्युमे कधीच पाठवू नका. आणि मराठीत लिहिणार असाल तर युनिकोडमध्येच लिहा. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर गेला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ होऊन बसतो.

## टप्पा ५: पाठवण्याआधीची तपासणी

- मोठ्याने वाचा. जिथे अडखळाल तिथे वाक्य तोडा.
- रेझ्युमेवरचा फोन नंबर बघून दुसऱ्या फोनवरून लावा. एक अंक चुकलेला रेझ्युमे मी एकदा नाही, अनेकदा पाहिला आहे.
- प्रत्येक लिंक ब्राउझरच्या प्रायव्हेट विंडोमध्ये उघडा. तुमच्या लॉगिनमुळे तुम्हाला उघडणारी फाइल इतरांना उघडेलच असं नाही.
- लिंक्डइनवरचे हुद्दे आणि महिने रेझ्युमेशी जुळवा. रेझ्युमे हातात आला की पुढची खिडकी तिथलीच उघडते.
- कुणाला तरी पान दहा सेकंद दाखवा, मग झाका आणि विचारा, "मी काय काम करतो?" उत्तर जाहिरातीतल्या पदाच्या जवळचं नसेल तर वरचं अर्धं पान पुन्हा लिहा.

## टप्पा ६: पाठवणं

फाइलला तुमचं नाव आणि पद द्या. "रेझ्युमे फायनल नवीन २" या नावाची फाइल समोरच्याच्या संगणकावर हरवते. कुठला प्रकार हवा ते जाहिरातीत दिलं असेल तर तोच पाठवा, नसेल तर पीडीएफ.

संकेतस्थळावर फाइल चढवल्यावर पुढचे रकाने आपोआप भरतात. ते तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. कंपनीच्या नावाच्या जागी हुद्दा, वर्षाच्या जागी पिनकोड असे घोळ तिथे होतात. हे काम कंटाळवाणं आहे, मान्य. पण बऱ्याच ठिकाणी भरती करणारी व्यक्ती आधी हे रकाने बघते, मूळ फाइल नंतर उघडते.

त्या कंपनीत ओळखीचं कुणी असेल, तर अर्ज करण्याआधी विचारा. काही ठिकाणी आधी स्वतः अर्ज केला की त्यांना तुमची शिफारस नोंदवता येत नाही. त्यांना नुसती फाइल धाडून "बघा ना जरा" म्हणू नका. पदाची लिंक, रेझ्युमे आणि पुढे जसंच्या तसं पाठवता येईल असा चार ओळींचा मजकूर द्या: तुम्ही कोण, कुठलं पद, कुठल्या दोन गोष्टी जुळतात, कधीपासून येऊ शकता. त्यांचं काम सोपं झालं की ते आजच करतात.

## टप्पा ७: नोंद ठेवा आणि त्यावरून दुरुस्ती करा

एक साधी शीट करा: तारीख, कंपनी, पद, जाहिरातीची प्रत, पाठवलेल्या रेझ्युमेची फाइल, पुढे काय झालं. दहा-पंधरा अर्ज झाले की तिच्याकडे बघा.

एकही फोन नाही? मग चूक पहिल्या चार टप्प्यांत आहे. आधी नोटपॅडची चाचणी परत करा, नंतर जाहिराती आणि पुरावे किती जुळतात ते बघा. भरती करणाऱ्यांचे फोन येतात पण बोलणं तिथेच संपतं? मग पगार, नोटीस पीरियड, ठिकाण यांतलं काहीतरी जुळत नाहीये आणि ते रेझ्युमेतून सुटणारं नाही. मुलाखतीपर्यंत पोचता पण निवड होत नाही? मग रेझ्युमेने त्याचं काम केलं आहे, त्याला हात लावू नका, मुलाखतीची तयारी करा. मी अनेकांना नेमकं याच वेळी चालू रेझ्युमे मोडून नवा करताना पाहिलं आहे, आणि नंतर येणारे फोनही थांबले.

फोन आला की सगळ्यात आधी शीट उघडा आणि त्या कंपनीला पाठवलेली फाइल शोधा. मुलाखतीत समोरच्याच्या हातात तीच प्रत असेल. तिच्यातल्या प्रत्येक ओळीसमोर पेन्सिलीने त्या कामाची एक आठवण लिहा: काय अडलं होतं, तुम्ही काय केलंत, शेवटी काय झालं.